घरच्याला आवतण

२ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी सोसायटीने भाईंना फुकट दिली. भाई म्हणजे आमचे हे. वाडीतले सगळे भाई म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते, नाव घ्यायची भानगड नको. भाई डायरीत काही लिहीत नाहीत, तिच्यावर चष्मा ठेवतात. आज माझी नात तन्वी पुण्याहून आली आणि म्हणाली, "आजी, तू परदेशात चाललीस ना, मग रोज काय झालं ते ह्यात लिही." मी म्हटलं, बाय माझे, चौथी सुटल्यापासून मी लिहिलं ते लोणच्याच्या बरणीवर तारीख. ती म्हणाली, तसंच लिही. म्हणून बसले.

तर बातमी अशी की माझ्या तुळसाचं लग्न ठरलं. वय सहासष्ट. आम्ही दोघी ह्याच आचऱ्यात शेजारी शेजारी वाढलो, खाडीत गुडघाभर चिखलात उभ्या राहून शिंपल्या काढल्या, आणि एकाच वर्षी लग्नं झाली. मी दोन घरं पलीकडे आले, ती कट्टा गावाला गेली. तिचे यजमान, सत्यवानभावजी, गेले त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी सारिका बाळंत झाली. ती मॉरिशसला हॉटेलात कामाला असते. तुळसा बाळंतपण करायला गेली ती तिकडचीच झाली. आणि आता हे.

फोनवर म्हणाली, "सुभद्रे, हसा नको हां. माझा लगीन ठरला."

मी हसले नाही, ओरडले. भाईंचा चष्मा डायरीवरून खाली पडला.

नवरा तिकडचाच. शिवा नाव. बस चालवायचा, आता रिटायर. बायको वारलेली. त्याचे खापरपणजोबा आपल्याच कोकणातून बोटीत बसून उसाच्या मळ्यात गेले ते परत आलेच नाहीत. म्हणजे माणूस आपलाच, फक्त पोचायला उशीर झाला असं मी म्हटलं. तुळसा लाजली. फोनवरसुद्धा कळतं लाजलेलं. लग्न समुद्राच्या वाळूत, मांडव नाही, भटजी नाही, सोळा तारखेला. तिकीट सारिकाने काढलंय, माझं आणि तन्वीचं. पासपोर्ट आहे. धाकट्या मुलाने मस्कतला बोलावलं होतं तेव्हाचा. मस्कत राहिलं, पासपोर्ट राहिला.

मग तुळसा म्हणाली, "तुझी कामां दोन. एक, गाऱ्हाणा तू घालूचा."

मी म्हटलं, मी? आमच्याकडे कार्याआधी नारळ ठेवून देवाला मोठ्याने सगळं सांगतात ते गाऱ्हाणं. वडील पुरुषमाणूस सांगतो आणि जमलेले सगळे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी आयुष्यभर मागे आरतीचं ताट धरून ऐकलंय. पण तिच्याकडचा पुरुष कोण येणार? म्हटलं बरं.

"आणि दुसरा. सुदेशाक तू सांग. माका धीर नाय. बापाशीचो लाडको तो. त्याचो व्हय इलो नाय तर मी काय हार घालूचंय नाय. लिवन ठेव."

म्हणून लिहून ठेवते. सुदेश तिचा मुलगा. कट्ट्याला पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. गुणी आहे, पण डोकं मोटारीसारखंच तापतं.

आज सगळा दिवस हसू येतंय. भाकरी करताना पण.

५ फेब्रुवारी, बुधवार

कट्ट्याला जाऊन आले आणि हसू गेलं.

मी सगळं रीतीप्रमाणे केलं. पहिली अक्षत देवाला ठेवली. जरीकाठी साडी नेसले. वाटीत कुंकू, रुमालात अक्षता. एसटीत एकीने विचारलं, "काकी, कोणाचा लगीन?" मी म्हटलं, मैत्रिणीच्या घरचं. खोटं नाही ते.

सुदेश दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसला होता. "ये गो मावशे, बस. च्या सांगू?" म्हणाला. मी म्हटलं चहा मागाहून, आधी काम. त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर अक्षता दिल्या आणि आवतण देतात तसं नीट उभं राहून दिलं. "तुझ्या आवशीचा लगीन आसा, सोळा तारखेक, मॉरिशसाक. सहकुटुंब येवन कार्य साजरा करूचा."

त्याने हातातल्या अक्षतांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हटलं मोजतो की काय.

"ह्या काय मावशे?"

"आवतण."

"माका?"

"मग कोणाक? तुझ्या दुकानाक?"

"लग्नाचा माका म्हैन्यामागे दुकानात एका गिऱ्हाइकान सांगला," म्हणाला. "सारिकान त्याच्या चेडवाक, आपल्या मैत्रिणीक, सांगलेला. मी म्हटलंय, आये सांगात. आज सांगात, उद्या सांगात. आणि आता तू अक्षत घेवन इलंस. मी पावणो काय गो आयेचो?"

मी म्हटलं, अरे बाबा, रीत आहे.

त्याने अक्षता टेबलावर ठेवल्या. टाकल्या नाहीत, ठेवल्या. एक दाणा ग्रीसला चिकटून बोटावरच राहिला. "सांग तिका, पावण्यांका सवड नाय," म्हणाला आणि परत तार गुंडाळायला लागला.

चहा पण सांगितला नाही. एवढी जरीची साडी नेसून गेले. ह्यापेक्षा अजून रीतसर कसं सांगायचं माणसाने?

९ फेब्रुवारी, रविवार

तुळसा रोज फोन करते. "गेलेलंस कट्ट्याक? काय म्हणालो?" मी म्हणते रेंज नाही. काल म्हटलं कानात दडे बसलेत. आज फोन वाजला आणि मी चक्क विहिरीवर गेले. भाई म्हणाले, "फोन वाजता." मी म्हटलं वाजू दे. मग त्यांनीच उचलला आणि "ती विहिरीर गेली" असं सांगितलं. माणूस किती खरं बोलावं!

सांगितलं तर लग्न मोडेल. नाही सांगितलं तर सोळा तारखेला तिला वाटेल सुदेशचा होकार आहे आणि ती हार घालेल, आणि मग कळलं की? देवासमोर नारळ ठेवून मी बोलणार. त्या तोंडाने खोटं कसं बोलू? आणि ती तिकडे एकटी पडते, सारिका दिवसभर कामावर, ते पण दिसतंय. सांगताना किती खुशीत होती.

कढीत मीठ दोनदा पडलं. एका जागी बसवत नाही. अंगण झाडून झालं की परत झाडते. तन्वी म्हणते आजी, माड घाबरलेत तुला.

गाऱ्हाणं पाठ करते आहे. परसात म्हशीसमोर म्हटलं. म्हैस व्हय म्हणाली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या निघायचं. कुडाळहून रेल्वेने मुंबई, तिथून विमान. पेटीत कोकम, कुळीथपीठ, तुळसाला हिरवी साडी. आणि नारळ. तिच्या माहेरच्या माडाचा, मुद्दाम पाडून घेतला. तन्वी म्हणते नारळ सोडणार नाहीत. मी म्हटलं, देवाच्या कामाचा आहे म्हणून सांगेन.

दुपारी सुदेश स्कूटरवर आला. म्हटलं मन बदललं. पण पायरीही चढला नाही. कागदाचा मोठा पुडा हातात दिला. "ह्या तुका. वाटेत खा."

उघडून बघते तर खाजं. बेसनाच्या कांड्या, आल्याच्या, चांगल्या कडक, गुळाने चकाकणाऱ्या.

आता काय बोलावं? गेल्या वर्षी जत्रेत खाजं खाताना माझी कवळी मोडली. सगळ्या जत्रेत मी तोंडावर पदर धरून फिरले. तेव्हा ह्याच सुदेशने मला स्कूटरवर बसवून ओरोसला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. कवळी ठेवायला निळी डबी पण त्यानेच आणून दिली. आणि वर्षभरात विसरला पोरगा! मी म्हटलं, अरे मेल्या, माका खाजा?

"रवांदे गो मावशे," म्हणाला. "घेवन जा. कोणी दिल्यान म्हणान सांगा नको मात्र. माझा नाव थंय काढूचा नाय. तुका शपथ."

"आवशीक काय निरोप?"

"काय नाय." स्कूटर चालू केली, बंद केली. "थंय हवा कशी आसता ता?"

"माका काय म्हायत? इल्यावर सांगतंय."

गेला. भाई ओट्यावर बसून गालात हसत होते. मी म्हटलं हसायला काय झालं, तो पोरगा आईचं नाव काढत नाही आणि मला दात नसताना खाजं देतो. भाई म्हणाले, "पेटयेत ठेव. चुरो करू नको." ह्यांना खाज्याची काळजी, माझी नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुंबईला विमानतळावर नारळ काढला. मशीनमध्ये पेटी घातली आणि आतल्या मुलाने दुसऱ्या मुलाला दाखवली, जशी मुलगी दाखवतात. "आजी, नारळ नेता येणार नाही." मी म्हटलं, देवाच्या कामाचा आहे. तो म्हणाला, "आजी, सगळ्यांचे देवाच्याच कामाचे असतात." एका टोपलीत आधीच सात-आठ नारळ होते. मग मी म्हटलं, बाबा, फुकट घालवू नका, फोडा आणि सगळ्यांनी वाटून खा, पण आधी देवाचं नाव घ्या. त्याने हात जोडले. चांगला होता.

पण मनाला लागलं. म्हटलं, ही खूण तर नव्हे? मुलगा नाही म्हणाला, नारळ नाही म्हणाला.

विमानातून खाली बघितलं तर ढग भाताच्या पेजेवर फेस येतो तसे. तन्वी खिडकीपाशी झोपली, मी तिच्या अंगावरून वाकून बघत होते. हवाईसुंदरीने तीनदा पट्टा लावायला सांगितलं. मी म्हटलं, पोरी, तुझं रोजचं आहे, माझं पहिलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि मग एकदम समुद्र. पण हा समुद्र वेगळा. लाट लांबवर एका रांगेत अडवून ठेवलीय आणि अलीकडे सगळं तळ्यासारखं शांत. आमचा कसा, अंगणापर्यंत बोलायला येतो. मला इतका गप्प समुद्र आवडला नाही. माझ्यासारखाच काहीतरी लपवतोय असं वाटलं.

तुळसाने केस कापलेत! मानेपर्यंत! मी दारातच थांबले. ती म्हणाली, "काय बगतंस? आत ये." मग आम्ही दोघी रडलो आणि हसलो आणि सारिकाचं बाळ घाबरून रडलं.

शिवा उंच, बारीक, डोक्यावर गवताची टोपी. वाकून पाया पडला. मला वाटलं मराठी येतं. तर गंमत अशी की गणपतीची आरती सगळी पाठ, घालीन लोटांगणासकट, पण पाणी हवं का ते विचारता येत नाही. ग्लास दाखवतो आणि भुवया उडवतो. मी म्हटलं, तुळसे, भांडण कसं करता? ती म्हणाली, "ताच तर सुख आसा."

मग पेटी उघडली. तुळसा एकेक काढत होती. कोकम हुंगलं, साडी गालाला लावली. मी नुसती वाट बघत होते की आता विचारेल, आता विचारेल. तेवढ्यात तिला पुडा दिसला.

"ह्या कोणी दिल्यान?"

शपथ होती. मी म्हटलं, बाजारातलं. माझं. वाटेत खायला.

"तुझा?" तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. पुडा उघडला, एक कांडी काढून हुंगली, दाताखाली धरली. कडकन आवाज आला. देवाने तिचे दात काय राखलेत! "आल्याचा," म्हणाली. "कट्ट्याच्या तिठ्यावरचा. सोमवारी ताजा करतत."

तशीच पुडा मांडीवर घेऊन खाली बसली. एक खाल्लं, दुसरं खाल्लं. डोळ्यांत पाणी. आलं तिखट होतं वाटतं. शिवाने हात पुढे केला तर त्याला पण दिलं नाही, पुडा छातीशी धरला. एवढी अधाशी कधीपासून झाली ही? लहानपणी खायची हे खरं, सुदेश पोटात असताना तर तिला खाज्याचे डोहाळे लागले होते, सत्यवानभावजी सायकलवरून आणायचे. पण आता ह्या वयात?

सुदेशचं मात्र विचारलंच नाही. एक शब्द नाही. सुटले म्हणावं तर सुटल्यासारखं वाटत नाही. उद्या विचारेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं. सकाळी, भाजी निवडताना, अगदी सहज. "सुभद्रे, सुदेशाक सांगलंस ता कसा सांगलंस?"

मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. जरीची साडी, कुंकू, अक्षता, सहकुटुंब येऊन कार्य साजरं करावं, सगळं. 'पावण्यांका सवड नाय' ते पण सांगितलं. खाज्याचं तेवढं गाळलं. म्हटलं आता ही रडेल, लग्न मोडेल, उद्या परतीचं विमान.

तर तिने कपाळावर हात मारला आणि खो-खो हसायला लागली. "माझ्या पोटच्या झिलाक अक्षत दिलंस? आवतण? गे बाये, घरच्याक कोण आवतण देता? घरच्यान आवतणा करूची आसतत!"

मी म्हटलं, मग तूच का नाही सांगितलंस? मला पुढे केलंस ते केलंस, वर हसतेस?

तिचं हसू थांबलं. "व्हय गो. चूक माझीच. त्याच्या तोंडाक भियालंय मी. म्हैनोभर फोन हातात घेय आणि ठेवी. त्याका वाटला आसतला, आयेन माका परको केल्यान." मग ओल्या हाताने माझा हात धरला. "तुझा काय चुकला नाय. तू रीत केलंस."

मी म्हटलं, मग आता? लग्न? त्याचा होकार नाही म्हणजे?

"लगीन उद्या, साडेचाराक."

"तू म्हणालंस, त्याचो व्हय इल्याशिवाय..."

"ता माझा मी बगतंय. तू गाऱ्हाणा पाठ कर. आणि आयक, त्याचा नाव घरच्यांत घे. पावण्यांत नको."

एवढंच. मला काही कळेना. पुड्यात उरलेली खाजी तिने डब्यात घालून कपाटात ठेवली, कुलूप लावलं. मी सारखी तिच्यामागून फिरते आहे. ही शेवटच्या घटकेला हार खाली ठेवणार असं मला सारखं वाटतंय. लहानपणी पण असंच करायची. खाडीवर यायला निघायची, अर्ध्या वाटेतून परत.

बाहेर वारा सुटलाय. सारिका म्हणते वादळ दुसरीकडून जाणार आहे. शिवा आकाशाकडे बघून भुवया उडवतो. ह्याचा अर्थ काय घ्यायचा?

१६ फेब्रुवारी, रविवार

दमलेय, पण आनंदाने. नाचून पण.

सुरूच्या झाडांखाली शिवाच्या बसवाल्या मित्रांनी खुर्च्या मांडल्या होत्या, एक पण दुसरीसारखी नाही. सगळे अनवाणी. नवरा अनवाणी, नवरी अनवाणी, सरकारी बाई आली ती पण चपला हातात घेऊन. तिच्या टेबलाचे पाय वाळूत रुतत होते, ती वही धरायची की टेबल धरायची! मुलं समुद्रात डुंबून तशीच ओली लग्नाला उभी. कोणी म्हणत नव्हतं, इकडे बस, तिकडे बस, तू कोणाकडची. मला आधी चुकल्यासारखं झालं, मग बरं वाटलं. आमच्याकडे निम्मं लग्न रुसव्यात जातं.

तुळसा हिरव्या साडीत, कापलेल्या केसांत अबोलीसारखं काहीतरी माळलेलं. सह्या झाल्या. हार ताटात. मी तिच्या हातांकडेच बघत होते.

नारळ शिवाने जवळच्या माडाखालून उचलून आणला, सोललेला पण नीट शेंडी ठेवून. त्याला शेंडी ठेवायची ते कोणी सांगितलं? त्याच्या आजीने म्हणे. मी नारळ वाळूवर ठेवला, पदर डोक्यावर घेतला. मागे समुद्र, पुढे साठ-सत्तर माणसं, त्यातली मराठी समजणारी तीन.

मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा! आचऱ्याच्या खाडयेच्या, कट्ट्याच्या तिठ्याच्या, आणि ह्या नव्या किनाऱ्याच्या राखणदारा म्हाराजा! आज तुझा चेडू तुळसा नवो संसार मांडता हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

आणि गप्प बसले. आता 'व्हय म्हाराजा' यायला हवं. कोणी बोलेना. नुसता वारा. तन्वी फोनवर फोटो काढत होती, तिला कळलं नाही. सारिका बाळाला घेऊन लांब. सगळे माझ्याकडे बघून गोड हसत होते. गाऱ्हाण्याला व्हय नाही म्हणजे देवाकडे पोचलंच नाही. माझे पाय वाळूत रुतले.

आणि खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

तुळसा. नवरी. नवरीने खाली बघायचं असतं. हिने मान वर करून समुद्राला ऐकू जाईल असं म्हटलं. मग शिवाने म्हटलं. त्याच्यामागून बसवाले. पुढच्या वाक्याला सगळा किनारा म्हणाला, "वय माराजा!" शेवटी शेवटी तर मी श्वास घ्यायला थांबले तरी म्हणायला लागले.

मग मी म्हटलं, "सत्यवानाचो आत्मो जंय आसात थंय सुखी ठेव रे म्हाराजा! घरचो कर्तो झील सुदेश, हंय उभो नाय पण घरचोच आसा, त्याका त्याच्या बायलपोरांका सांभाळ, काय वाकडा झाला आसात ता सरळ कर, आणि आवशीच्या आणि झिलाच्या मधे ह्यो एवढो समुद्र आसा तो एक पावलाचो कर रे म्हाराजा!"

हे शेवटचं मी पाठ केलेलं नव्हतं. कुठून आलं देव जाणे.

ह्या वेळी सगळे आधी म्हणाले. तुळसाचं व्हय एकटंच मागून आलं, आणि फुटकं आलं.

मग तिने हार उचलला. आणि घातला! बाई, घातला! शिवाची टोपी हारात अडकली.

नारळ फोडला. तुळसाने पहिला तुकडा काढून पदराच्या टोकात बांधला, मगच वाटायला दिलं. "ह्यो घरचो वाटो. ह्यो सुदेशाचो." आमच्यात असंच असतं. पाहुण्यांना वाटण्याआधी, घरचं माणूस कामाला बाहेर असलं तर त्याचा वाटा बाजूला काढायचा.

मग डालपुऱ्या, आणि ढोलकं, आणि नाच. इकडे पाय न उचलता वाळूत घासून नाचतात. गुडघ्यांना बरं. मी नाचले. तन्वीने त्याचा व्हिडिओ काढला. भाईंना दाखवणार नाही म्हणाली, पण दाखवणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

निघालो. तुकडा दोन दिवस सारिकाच्या गच्चीत वाळवला. न्यायचा कशात? मुंबईचा अनुभव होता. मग मी माझी कवळीची निळी डबी कढत पाण्याने तीनदा धुतली, आत केळीचं पान घातलं, त्यात तुकडा ठेवला. कवळी तोंडात. प्रवासभर काढायची सोय नाही, हिरड्या दुखायला लागल्यात.

तुळसा विमानतळावर म्हणाली, "त्याच्या हातार ठेव. बोला काय नको. आवतण देव नको!" आणि हसली. मग म्हणाली, "रविवारी मी फोन करतंय त्याका. मी. सोताच्या तोंडान."

मशीनवाल्याने डबी उघडली. बघितली. माझ्याकडे बघितलं. मी दात दाखवून हसले. त्याने डबी पटकन बंद केली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कट्ट्याला जाऊन आले. साधीच साडी नेसले.

सुदेश मोटारीत डोकं घालून होता. मी डबी त्याच्या टेबलावर ठेवली.

"मावशे, तुझे दात हंय कित्या ठेवलंस?"

"उघड."

उघडली. केळीचं पान बाजूला केलं. तुकडा बघून हात पँटला पुसले. दोन्ही बाजूंनी पुसले. "घरचो वाटो?" म्हणाला.

मी मान हलवली. बोलायचं नाही अशी ताकीद होती. पण मला किती वेळ गप्प बसवणार? म्हटलं, गाऱ्हाणं मी घातलं.

"तू? आणि व्हय म्हाराजा कोण म्हणाला थंय?"

"तुझी आवस. पयली. नवरी असान."

त्याने एकदम हसू दाबलं. मग पाठ करून उभा राहिला, खिळ्यावरची तार खाली घेतली, परत लावली. मी वाट बघत होते की आता म्हणेल, मावशे, तुका शपथ घातलेली, माझा नाव थंय काढलंस काय? तर विचारतो काय, "खाजा कसा व्हता?"

मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी चाखलं पण नाही. तुझ्या आईनेच हातात घेतलं. एक कोणाला दिलं नाही, नवऱ्याला पण नाही. कुलपात ठेवलंय. तुझं नाव मी काढलं नाही, देवाशपथ. बाजारातलं म्हणून सांगितलं.

"सगळा तिनाच खाल्ल्यान?"

"सगळा."

मग त्याने तुकडा तोंडात टाकला. किती वेळ चावत होता. खोबरं खवट झालेलं असणार, तीन दिवसांच्या प्रवासाने होणारच, वर डबीचा वास. मी म्हटलं, थुंक रे, नुसतं कपाळाला लावलंस तरी चालेल. त्याने मान हलवली आणि गिळलं. मग मला चहा सांगितला. बिस्किटं पण.

डबी धुऊन पुसून माझ्या हातात दिली. "ह्या डबयेतून इलो वाटो," म्हणाला. "ओरोसाक घेतलेली मी तुका. खाज्यान कवळी मोडलेली तेवा."

"लक्षात आसा तुझ्या?"

"मावशे, तुझा तोंड इसारण्यासारखा खंय आसा?"

एसटीत बसले. डबी मांडीवर. एक स्टॉप गेला, दोन गेले. आणि एकदम कळलं. सुदेश काही विसरला नव्हता. मला दात नाहीत हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी एसटीत इतकी मोठ्याने हसले की कंडक्टर मागे वळला. घरी येऊन भाईंना सांगितलं. ते म्हणाले, "तो खाजा घेवन इलो तेवाच माका कळला." आणि चष्मा काढून डायरीवर ठेवायला लागले.

मी म्हटलं, थांबा, अजून लिहितेय.